पाखरीच्या डाव्या डोळ्याखाली

शकू,

बाळकुमला मुलाकडे राहायला आले तेव्हा सामानाचे सतरा खोके आले. त्यातले चार अजून उघडलेले नाहीत, उघडायची घाईही नाही. काल एक उघडला, तर तुझे कागद निघाले. निळ्या शाईत तुझं इंग्रजी, त्यावर माझ्या लाल रेघा, आणि पानोपानी घोडी. म्हटलं, हे एकदा लिहून काढावं. तू लिहिणार नाहीस. घोडीबद्दल तू वह्या भरल्यास, पण स्वतःबद्दल चार ओळी लिही म्हटलं की तुला घरची कामं आठवायची.

तुझी गोष्ट तुलाच 'तू असं केलंस, तू तसं केलंस' करून सांगायला लागले तर दुसऱ्याच वाक्याला तू मला अडवशील. म्हणून तुला आता गोष्टीतली शकू करते आणि मलाही 'बाई' म्हणून बाजूच्या खुर्चीत बसवते. काही चुकलं तर मागाहून भांड.

शकू केणे शहाडची. तिचा बाप राघो कल्याण स्टेशन ते शहाड टांगा हाकायचा. शाळेतल्या बाई ऐंशी सालापासून त्याच टांग्यातून शाळेत जायच्या आणि शकू त्याच शाळेत शिकली, म्हणून ही ओळख. राघो बोलका होता. मागे बसलेल्या सवारीशी बोलायचा, रस्त्यात आडव्या आलेल्या म्हशीशी बोलायचा, आणि सगळ्यात जास्त घोडीशी. घोडीचं नाव पाखरी. रंगाने कुमैत, म्हणजे अंग तांबूस आणि आयाळ काळी.

शहाण्णव साली टांगा बंद झाला. रिक्षा इतक्या झाल्या की स्टेशनबाहेर टांग्याला उभं राहायला जागा उरेना, आणि राघोचे गुडघेही गेलेले. पाखरी त्याने उत्तम नावाच्या दुसऱ्या गावच्या माणसाला दिली. उत्तम लग्नाच्या वरातींना घोडे पुरवायचा. पुढच्या पावसाळ्यात निरोप आला की घोडी मेली. राघोने निरोप ऐकला, दिवसभर कुठेतरी जाऊन आला, ओट्यावर बसला आणि बोलायचा थांबला.

थांबला म्हणजे खरोखरच थांबला. जेवायला हाक मारली की यायचा, चहा हवा का विचारलं की मान हलवायचा. डॉक्टरांनी घसा पाहिला, कान पाहिले, रक्त तपासलं आणि सांगितलं की यांना काहीही झालेलं नाही. शकूची आई बायजा ती चौदा वर्षांची असतानाच गेली होती. भाऊबहीण नाही. घरात दोन माणसं, आणि त्यातलं एक मुकं. दीड वर्ष हे असं चाललं. शकू पंचविशीची झाली होती. स्थळं यायची, ओट्यावरचा न बोलणारा बाप बघायची आणि परत जायची. त्याचं तिला फारसं काही वाटत नव्हतं. तिला एकच हवं होतं, बापाने पूर्वीसारखी एकदा शिवी घालावी.

शकू कल्याणात त्र्यंबक सरांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये टायपिंग शिकवायची. अठ्ठ्याण्णवच्या अखेरीस क्लासला इंटरनेट आलं. दुपारी दीड ते साडेतीन क्लास रिकामा असे, तेवढ्या वेळात तिने ते वापरावं आणि शिकून घ्यावं, म्हणजे पुढे विद्यार्थ्यांना शिकवता येईल, असा सरांचा हिशेब. फोनची लाइन तेवढा वेळ अडायची आणि सर चुळबुळ करायचे, पण बोलायचे नाहीत. तिथे शकूला तो कळप सापडला.

कळप म्हणजे काय ते सांगते, कारण बाईंनाही ते तीनदा विचारावं लागलं होतं. बारा माणसं, पाचसहा देशांतली, एकमेकांना कधी न भेटलेली. प्रत्येकाचा एक घोडा. तो कागदावरचा, मनातला. ई-मेलवर हा कळप एका डोंगराळ माळावर हिंडायचा. एकाने लिहायचं की वारा फिरला आणि माझ्या घोड्याने मान वर केली. ते वाचून दुसऱ्याने लिहायचं, की ती मान बघून माझी घोडी पिलाच्या आणि वाऱ्याच्या मध्ये येऊन उभी राहिली. असं रोज. बाईंना पहिल्यांदा हा पोरखेळ वाटला आणि त्यांनी तसं तोंडावर सांगितलं.

पण पोरखेळाला इतके कडक नियम नसतात. कॅनडातली हिल्डा नावाची एक म्हातारी या कळपाची मुखत्यार होती. तीस वर्षं घोड्यांची डॉक्टर म्हणून तिने काम केलेलं. तिच्या कळपात घोडा बोलत नसे, माणसासारखा विचार करत नसे. जे दिसलं, हुंगलं, ऐकू आलं, तेवढंच लिहायचं. खऱ्या घोड्याने जे केलं नसतं ते केलं, की हिल्डा मेल परत पाठवायची. घोडा आणायचा तर आधी भलामोठा अर्ज. वय, उंची, रंग, खुणा, खोडी, भीती, आधीचं आयुष्य. अर्जात एकदा लिहिलं की ते बदलता येत नसे. मग एकवीस दिवसांची परीक्षा. त्यात घोडा खोटा वाटला, तर एकविसाव्या दिवशी हिल्डा एक ओळ लिहायची, की अमका घोडा टेकडीपलीकडे गेला. त्यानंतर त्याचं नावही कोणी काढायचं नाही.

शकूने पाखरीचा अर्ज भरायला घेतला. उंचीच्या रकान्याशीच गाडी अडली. टांग्यामागे जन्म गेला तरी घोडी कोणी मोजली होती? घरी आल्यावर तिने भाजी निवडता निवडता सहज विचारलं, "बाबा, पाखरीची पाठ तुमच्या कुठवर यायची?"

 राघोने हात उचलला आणि आडवा तळवा हनुवटीखाली धरला.

दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, पाखरी कशाला घाबरायची. त्यावर तो बोलला. दीड वर्षात आवाज गंजला होता, पण बोलला. "बाजूनी काय आला का घाबरायची. झापरा लावलेली ना. बाजू कधी बघलीच नाय तिनी."

झापरा म्हणजे डोळ्यांवरची झापडं. शकू भाजीचं ताट तसंच टाकून मोरीत गेली आणि नळ सोडून उभी राहिली. नंतर बाईंना सांगताना म्हणाली, रडले नाही, फक्त पाणी वाहू दिलं.

त्या दिवसापासून रोज एक प्रश्न. आणि काय उत्तरं दिली त्या माणसाने. पाखरी हुकमावर निघायची नाही. तिसरी सवारी बसली की टांगा जेवढा दबायचा, त्या वजनावर निघायची. चौथी बसली की आधी मागे वळून बघायची. जमिनीवर लोळायची ती तीनदाच, चौथी लोळण तिने कधी घेतली नाही. पाणी प्यायच्या आधी वरचं पाणी ओठाने बाजूला सारायची. कळप निघाला तर ती काय करेल, असं शकूने विचारलं तेव्हा राघो हसला. म्हणाला, "उबी ऱ्हाईल. मागं वजन कुठं हाय?"

शकूने तेच इंग्रजीत लिहिलं आणि तपासायला बाईंकडे आणलं. सगळे घोडे टेकडी उतरून गेले आणि एक कुमैत घोडी माळावर एकटीच उभी राहिली, पाठीमागे काहीतरी दबण्याची वाट बघत. बाईंनी त्यातल्या क्रियापदांवर लाल शाई फिरवली आणि बाकीच्याला हात लावला नाही. हिल्डाचं उत्तर दोन ओळींचं आलं. तिने म्हटलं होतं, मी हजार घोडे तपासले, असा एकही पाहिला नाही, तरी हा खरा आहे हे मला कळतं.

इथे राघोची एक समजूत झाली आणि शकूने ती मोडली नाही. त्याला वाटलं, घोडी तिकडे दिलेली आहे. मेली होती हे त्याला ठाऊक होतं, तरी कुठल्यातरी दुसऱ्या अर्थाने ती आता तिकडे होती, आणि तिथल्या लोकांना तिची नीट माहिती देणं हे त्याचं काम होतं. सकाळी चहा पिताना तो विचारायचा, "काल रातची थंडी होती का तिकरं? अंगावं काय टाकतान का नाय?" जंगली कळप आहे, अंगावर काही टाकत नाहीत, असं शकूने सांगितलं तर दिवसभर धुसफुसत राहिला आणि संध्याकाळी त्या हिल्डेला एक सणसणीत शिवी हासडली. शकूला हवी होती ती शिवी मिळाली.

आता अर्जातली एक गोष्ट सांगायची राहिली. ठळक खुणा या रकान्यात शकूने लिहिलं होतं, काही नाही.

हे खोटं होतं. पाखरीच्या डाव्या डोळ्याखाली, अश्रू ओघळतो त्या जागी, केसांचा भोवरा होता. जाणकार त्याला आसूढाळ म्हणतात, आणि तसा घोडा कोणी दारात बांधत नाही. मालकाच्या घरात रडणं येतं म्हणतात. पाखरी अठ्ठ्याऐंशीच्या पौषात म्हसा गावच्या जनावरांच्या जत्रेतून आली आणि त्याच वर्षी श्रावणात बायजा काविळीने गेली. राघोची थोरली बहीण शेवंती बाराव्याला सगळ्यांदेखत म्हणाली, की घोडीने हिला खाल्लं आणि माझ्या भावाला डोळे असून दिसलं नाही. राघोने उलट उत्तर दिलं नाही. घोडीही विकली नाही. फक्त त्या दिवसापासून 'भोवरा' हा शब्द त्या घरात कोणी उच्चारला नाही. पाखरीच्या तोंडावर गालावरून जाणारी एक रुंद चामडी पट्टी असे, तिच्यावर कवड्या शिवलेल्या. सवाऱ्यांना वाटायचं हौस आहे. भोवरा तिच्याखाली झाकलेला असे. शकूने अर्ज भरताना मुद्दाम लपवलं असंही नाही. अकरा वर्षं जे बोलायचं नाही ते हाताने लिहिलंही नाही, एवढंच.

परीक्षेच्या सतराव्या दिवशी शकूने माश्यांबद्दल विचारलं. राघो रंगात होता. बोलून गेला, "माश्या डाव्या डोल्याखाली बसायच्या. केस उलटा ना तिथं, घाम ऱ्हातो." शकूने घाईघाईत टिपून घेतलं आणि दुपारी जसंच्या तसं पाठवलं.

संध्याकाळी घरी आली तर राघो ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बसलेला. चहा हवा का, तर मान.

दुसऱ्या दिवशीही मान. आणि त्याच दुपारी हिल्डाचा मेल आला.

मेल सभ्य होता, म्हणून जास्त भीतिदायक होता. अर्जात खुणा नाहीत असं लिहिलं आहे. कालच्या मजकुरात डाव्या डोळ्याखाली उलटा केस आहे. घोड्याच्या अंगावर असं काही मधूनच उगवत नाही. मागे दोन माणसांनी पुस्तकातून घोडे उचलून आम्हाला फसवलं आहे. ही घोडी इतकी चांगली आहे की मला आता तिचीच शंका येते. शनिवारी रात्रीपर्यंत काय ते नीट कळवावं.

तो बुधवार होता. शकू थेट बाईंकडे गेली.

बाईंनी मेल वाचला आणि वाईट सल्ला दिला. म्हणाल्या, लिही की काट्याची जुनी जखम आहे, भरताना केस उलटा आला, अर्जात राहून गेलं, क्षमा असावी. तीन वाक्यांत काम होतं. शकू म्हणाली, पण बाबा काय म्हणतील? बाई म्हणाल्या, बाबांना काय कळतंय इंग्रजीतलं. मग शकू जरा तिखट झाली.

"बाई, तुमचं ठीक आहे. तुमच्या घरात माणसं बोलतात."

बाईंनी मेलचा कागद घडी घालून तिला परत दिला. 

शकूसमोरचा पेच सरळ होता. खोटं लिहावं तर उद्यापासून राघोला विचारायचं काय आणि त्याच्या खऱ्या उत्तरांना त्या खोट्यावर बसवायचं कसं. खरं लिहावं तर आधी त्याच्याकडून ते वदवून घ्यायला हवं, आणि त्या एका शब्दाच्या नुसत्या जवळ गेल्याने तो पुन्हा मिटला होता. काहीच लिहिलं नाही तर रविवारी पाखरी टेकडीपलीकडे. मग सकाळच्या चहाला तो माणूस विचारेल, तिकडे थंडी आहे का, आणि तिने काय सांगायचं? की घोडी पुन्हा मेली?

गुरुवारी तिने एक पळवाट काढून दिली. त्याच्याशेजारी ओट्यावर बसली आणि म्हणाली, "बाबा, ती डोळ्याखाली काट्याची जखम होती ना पाखरीला? लहानपणची?"

राघोने तिच्याकडे पाहिलं. उठला, भिंतीला धरत धरत आत गेला आणि खाटेवर पाठ करून पडला. जेवायलाही उठला नाही. हे पूर्वी कधी झालं नव्हतं. मुका झाला होता तेव्हाही तो जेवायचा.

शुक्रवारी सकाळी शेवंती आत्या आली. कोपरहून यायची, महिन्यातून एकदा, सुक्या मासळीची पिशवी घेऊन आणि भावाच्या घरात काय काय चुकलंय ते सांगायला. भाऊ मध्यंतरी बोलायला लागल्याचं तिच्या कानावर आलं होतं. आल्या आल्या तिने पाहिलं तर तो खाटेवर, भिंतीकडे तोंड करून. तिने शकूला धारेवर धरलं. शकू कालपासून जेवली नव्हती. तिने काहीही न गाळता सगळं सांगून टाकलं. कॉम्प्युटर, कळप, अर्ज, माश्या.

आत्याला कॉम्प्युटर कळला नाही, पण पाखरी बरोबर कळली.

"म्हंजे ती अवदसा परत घरान आनलीस तू. माज्या वयनीला रडवून नेलान तिनी, आता याला नेनार. भोवरा हाय तिला, आसूढाळ हाय, सगल्या शहाडला म्हायती हाय, या आंधल्यालाच दिसला नाय."

अकरा वर्षांनी तो शब्द त्या घरात उच्चारला गेला. शकूने डोळे मिटून घेतले.

खाट करकरली. राघो उठून बसला होता. शकू सांगायची, मला वाटलं आता हा आत्याला घराबाहेर काढणार आणि मग जन्मात तोंड उघडणार नाही. पण तो अगदी हळू बोलला, जसा टांग्यात मागे न बघता सवारीशी बोलायचा तसा.

"बाय, मना नाय दिसला. खराय. बायजाला दिसला. तिनीच दावला मना."

आत्याच्या हातातली पिशवी तशीच राहिली.

मग ते हळूहळू बाहेर आलं. म्हशाच्या जत्रेत ती दोघं गेली होती. राघो एका पांढऱ्या घोड्याच्या मागे होता. बायजा मात्र खुंट्याला बांधलेल्या एका पोरसवद्या कुमैत घोडीसमोर उभी राहिली होती. तिला कोणी हात लावत नव्हतं. यायचे, डाव्या बाजूने बघायचे आणि पुढे जायचे. बायजाने राघोला ओढून आणलं, डोळ्याखाली बोट ठेवलं आणि म्हणाली, बघा, याच्यापायी कोणी हिला नेणार नाही. ही मातीची गाडी ओढून ओढून मरेल. आपण नेऊ. राघो नको म्हणाला होता. बायजा हसली होती. तिच्या माहेरी म्हणे एक म्हैस अशीच होती आणि चौदा वेळा व्यायली. घरी आणल्यावर कवड्यांची पट्टीही तिनेच शिवली, जत्रेतून आणलेल्या कवड्यांची. लोकांना दिसायला नको म्हणाली. लोक उगाच बोलतात.

"मंग ती गेली," राघो म्हणाला. "तू बाराव्याला बोल्लीस. मी सांगला असता का तिनीच निवडली, तर तुमी काय बोल्ला असता? आपला मरान आपुन दारान बांदला, असा बोल्ला असता. म्हनून मी आंधला झालू."

आत्या खाली बसली. भिंतीला टेकून, पाय पसरून, जशी मयताच्या घरी बायका बसतात तशी. 

शकूला वाटलं हे संपलं. पण राघोचं संपलं नव्हतं. त्याला खुपत होतं ते बायजाचं नव्हतंच, ते त्याने अकरा वर्षं सांभाळलं होतं. त्याला खुपत होतं ते उत्तमचं. घोडी देताना त्याने पट्टी काढली नव्हती. मुद्दाम. भोवरा दिसला असता तर वरातीचा माणूस तिला घेऊन गेला नसता, आणि राघोला तर ती चांगल्या ठिकाणी, नटूनथटून, गाणंबजावण्यात जायला हवी होती. उत्तमने पहिल्याच आठवड्यात अंघोळ घालताना पट्टी सोडली आणि भोवरा पाहिला. आसूढाळ घोडीवर नवरदेव कोण बसवणार? त्याने ती वीटभट्टीवर दिली. तिथे ती मातीच्या गाडीला जुंपली गेली, उन्हाळाभर, आणि पहिल्या चिखलात पाय घसरून बसली ती उठली नाही. हे राघोने स्वतः भट्टीवर जाऊन विचारून घेतलं होतं. घरी येऊन कोणाला सांगितलं नव्हतं.

"मी सांगला असता तर उत्तम नेता नाय. घरान बांदून ठेवली असती, काय खायाला मागत होती? लपवला म्हनून मेली." मग तो शकूकडे वळला. "तू पन लपवलास का? तिकरं?"

शकू म्हणाली, हो.

"मंग तिला तिकरं पन मारशील. लिव जा. भोवरा लिव. डावा डोला लिव."

शकू म्हणाली, आईचंही लिहू का? राघोने आत्याकडे पाहिलं. आत्याने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "लिव ना. आता काय ऱ्हायला."

शनिवारी सकाळी बाई आणि शकू चार तास बसल्या. बाईंना आसूढाळला इंग्रजीत शब्द सापडेना. शकू म्हणाली, शब्द नका शोधू, जागा सांगू. अश्रू ओघळतो ती जागा. मग ते सरळ लिहून झालं. आमच्याकडे घोडा त्याच्या भोवऱ्यांवरून पारखतात. हा भोवरा अशुभ मानतात. माझ्या आईने तो पाहून घोडी निवडली. माझ्या वडिलांनी तो झाकला. मीही झाकला. अर्ज चुकीचा आहे आणि चूक माझी आहे. बाईंनी एका नामाआधी 'द' वाढवला आणि पेन खाली ठेवलं.

दीड वाजता क्लासमध्ये फोनची लाइन मेलेली होती. त्र्यंबक सरांनी रिसीव्हर कानाला लावला, ठेवला, पुन्हा लावला. तक्रार नोंदवायला माणूस गेला. अडीच झाले, साडेतीन झाले, दुपारची बॅच येऊन बसली. शकू फळ्यावर काय लिहीत होती ते तिलाही कळत नव्हतं. आपली संध्याकाळ म्हणजे तिकडची सकाळ, वेळ आहे, असं तिला माहीत होतं. पण लाइन सोमवारपर्यंत येणार नाही असंही त्या माणसाने सांगितलं होतं. साडेपाचला सरांनी बॅच सोडून दिली आणि म्हणाले, चल. चौकात त्यांच्या मेव्हण्याचं दुकान होतं, तिथे कॉम्प्युटर होता, इंटरनेट नव्हतं, पण फोन जिवंत होता. क्लासचा मोडेम सरांनी पिशवीत घालून नेला. तो तिथल्या कॉम्प्युटरला जोडला आणि दीड तास बसून चालू केला. शकू म्हणते, त्या दीड तासात सर एकदाही घोडीबद्दल बोलले नाहीत, आणि त्याबद्दल ती त्यांची जन्मभर ऋणी आहे. सव्वासातला मेल गेला.

रविवारी राघोने चहाला विचारलं, "कलवलास?" शकू म्हणाली, कळवलं. "काय बोल्ली?" अजून काही नाही. राघो ओट्यावर बसला, पण रस्त्याकडे तोंड करून. घडीघडीला आत डोकावायचा, जणू उत्तर स्वयंपाकघरात येणार होतं.

सोमवारी लाइन आली. हिल्डाने लिहिलं होतं, की तीस वर्षांत तिने हे ऐकलेलं नाही. तिच्याकडे कपाळावरच्या भोवऱ्यांवरून घोड्याचा स्वभाव ओळखणारे लोक आहेत, पण डोळ्याखालच्या भोवऱ्याला कोणी घाबरत नाही. ती विश्वास ठेवू इच्छिते. मात्र नियम सगळ्यांना सारखा. त्या भोवऱ्याचा फोटो असेल तर टपालाने पाठवावा. फोटो हातात येईपर्यंत घोडी कळपातच राहील.

फोटो एकच होता. अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात बाईंच्या यजमानांनी शाळेच्या फाटकाशी काढलेला. बायजा डबा घेऊन आली होती, पाखरीच्या तोंडावरची पट्टी घामाने भिजली म्हणून तिने ती सोडून हातात धरली होती. त्यामुळे घोडीचा चेहरा मोकळा. डाव्या डोळ्याखाली भोवरा स्वच्छ दिसतो. बायजा कॅमेऱ्याकडे न बघता त्या भोवऱ्याकडे बघते आहे. बायजाचाही दुसरा फोटो त्या घरात नाही.

राघोने तो फ्रेममधून स्वतः काढला. शकूने पाकिटावर हिल्डाचा पत्ता घातला. रजिस्टर करून पाठवायचा होता आणि शकूला क्लासमधून सुटी मिळेना, म्हणून तिने तो बाईंकडे दिला. बाई म्हणाल्या, उद्या टाकते.

तर शकू, आता बाईंना खुर्चीतून उठवते आणि मीच सांगते.

दुसऱ्या दिवशी मी पोस्टात गेले. रांगेत उभी राहिले, तिकिटं लावली. मग माझ्या मनात आलं की आधी याची एक प्रत काढून घ्यावी, हरवला तर? स्टुडिओवाला म्हणाला, फोटो घेऊन बुधवारी या. बुधवारी गेले तर तो गावाला गेलेला. पुढचं मला नीट आठवत नाही, आठवत नाही असं म्हणणं सोयीचंही आहे. पाकीट मी कपाटात ठेवलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात तू नवे कागद घेऊन आलीस, पाखरीने पावसात कळपाच्या डाव्या कडेने चालायचं सोडलं होतं, आणि मी क्रियापदं तपासत बसले. तू पाकिटाचं विचारलं नाहीस. मीही काही बोलले नाही. फोटो हातात येईपर्यंत घोडी कळपातच राहील, ही हिल्डाची ओळ आपल्या दोघींनाही पाठ होती.

तुझे बाबा मात्र विचारायचे. शेवटपर्यंत. चहा घेताना, "फोटू पोचला का?" आणि तू सांगायचीस, बाहेरदेशचं टपाल आहे बाबा, वेळ लागतो. एकदा माझ्यादेखत सांगितलंस, आणि माझ्याकडे बघितलंही नाहीस.

पाकीट खोक्यात तुझ्याच कागदांखाली निघालं. तिकिटं तशीच आहेत. पोस्ट ऑफिस इथे खालीच आहे, जिना उतरला की डाव्या हाताला.